रुसायचं घर

रवंदने वेलदोडे इतक्या जोराने कुटले की खलातले दोन-चार उडून थेट शेगडीखाली गेले.

"त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" आई म्हणाली. "पाहुण्यांना कॉफी प्यायची आहे. तुझा राग नाही प्यायचा."

"पाहुणे कसले? न्यायला आलेत तिला. गाय सुटून आली की मागोमाग दावं घेऊन येतात, तसे."

"हळू बोल. बैठकीत ऐकू जाईल."

बैठकीत अजून कोणी आलेलं नव्हतं. असरची, म्हणजे दुपार उतरतीची, नमाज नुकतीच आटपली होती आणि पलीकडे भाऊ कुतैबा गाद्या सरळ करत होता. इब्तिहाल ओट्याशी उभी राहून कॉफीचे इवलेसे पेले पुसत होती. ते मघाशीच पुसून झाले होते.

इब्तिहाल रवंदची थोरली बहीण. नवऱ्यावर रुसून ती लेकीला घेऊन माहेरी आली, त्याला महिना होऊन गेला होता. झियाद तसा वाईट माणूस नव्हता. तो फक्त आईचा मुलगा होता. सासू न विचारता खोलीत शिरायची, कपाटं उपसायची, इब्तिहालचे झगे नणंदेला देऊन टाकायची, आणि झियाद म्हणायचा, "आईच आहे, परकी आहे का?" इब्तिहालला एकच गोष्ट हवी होती. आतून कडी लावता येईल असं दार, आणि त्या दारामागे तिची चूल. तेवढ्यासाठी ती आली होती. आज झियादकडची जाहा, म्हणजे मागणं घेऊन येणारी वडीलधारी मंडळी, तिला परत पाठवा म्हणून सांगायला येणार होती. तिच्या बाजूने बोलणारा कुतैबा एकटा. वडील उन्हाळ्यात गेले होते.

आणि उद्या कोर्ट होतं.

वारसाचं कोर्ट. माणूस गेल्यावर तीन महिने होईपर्यंत बायकांकडून हक्कसोड लिहून घ्यायची नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. पूर्वी कबरीवरची माती ओली असतानाच रडणाऱ्या बहिणींचे अंगठे उमटवून घेत; ते थांबावं म्हणून तो केला. आमच्या लोकांनी तोही पचवला. त्या तीन महिन्यांत बहिणींचे असे काही लाड होतात की विचारू नका. ताजं तेल पहिल्यांदा त्यांच्याकडे जातं, भाचरांना खाऊ येतो, दर शुक्रवारी भाऊ दारात. मुदत संपते आणि बहिणी हसत हसत कोर्टात जाऊन सही करतात. कोणी मागतसुद्धा नाही. कुतैबानेही मागितली नव्हती. तो जेवता जेवता एवढंच म्हणाला होता, "बुधवारी कोर्टात जायचंय. ओळखपत्रं बरोबर ठेवा." आणि रवंदने घास खाली ठेवून म्हटलं होतं, "मी सही करणार नाही."

 कुतैबा पाणी प्याला आणि वर आपल्या बिऱ्हाडी निघून गेला. तेव्हापासून घरात सगळे जपून पावलं टाकत होते.

"यम्मा, ऐक माझं," आई आता रवंदजवळ सरकली. आमच्याकडे आयाही लेकींना यम्मा, म्हणजे आई, म्हणतात, विशेषतः काही काढून घ्यायचं असलं की. "मीही माझा वाटा भावांना सोडून दिला होता. म्हणून आजही ईदला तुझा मामा मिठाई घेऊन दारात उभा राहतो."

"जैतुनाचा अख्खा मळा देऊन मिठाईचा डबा. महाग पडला, यम्मा."

"हस तू. तुझं लग्न नाही झालेलं. नवऱ्याच्या घरी सगळं मिळतं गं, रुसायला घर मिळत नाही. ते भावाकडेच राखून ठेवायला लागतं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि दिवस तरी बघायचास. आज तो हिच्यासाठी बोलणार. तू त्याला दुखवून ठेवलंस. त्यानं लोक बसल्या बसल्या 'घ्या, कॉफी प्या' म्हटलं, की संपलं. हिने उठायचं आणि जायचं, पुन्हा त्याच खोलीत."

रवंदने इब्तिहालकडे पाहिलं. इब्तिहालने मान वर केली नाही. तिने एक पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला.

हेच रवंदला सोसत नसे. ती इर्बिदला विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. शेवटचं वर्ष, प्रबंधाचा विषय होता, कुठल्या स्वभावाच्या मुलींना बरोबरीचे कायदे हवेसे वाटतात आणि कुठल्या स्वभावाच्या मुलींना नकोसे. गावातल्या, विद्यापीठातल्या, शिवणवर्गातल्या मुलींना तिने प्रश्न विचारले होते. धीट, चौकस मुली कायद्याच्या बाजूच्या निघतील आणि मनमिळाऊ, सगळ्यांचं ऐकणाऱ्या विरुद्ध, हे तिने आधीच गृहीत धरलं होतं. सरावासाठी पहिल्यांदा बसवलं ते इब्तिहालला. भावाने वाटा दिला नाही तर बहिणीने कायद्याचा आधार घ्यावा का? इब्तिहालने इकडेतिकडे पाहिलं होतं. जिन्यावर वहिनीची पावलं वाजत होती. "नाही," ती म्हणाली होती, "कायद्यानं भावंडं एकत्र राहत नाहीत." रवंद हसली होती. तुझा स्वभावच लोण्याचा, म्हणाली होती.

लोण्याचाच होता, त्यात शंका नाही. ज्या घरात जन्मली त्या घरातला फ्रिज उघडण्याआधी इब्तिहाल आता वहिनीला विचारायची. लेक मोठ्याने रडली तर तिला घेऊन गच्चीवर जायची. थंडी पडली तरी हीटर लावायची नाही. अंगावर शाल घेऊन बसायची आणि म्हणायची, मला उकडतं. सगळ्यांची ताटं तिने उचललेली असायची, कोणी सांगायच्या आत. माझी बहीण म्हणजे गरीब गाय, रवंद मैत्रिणींना सांगायची, आणि तिला बहिणीची दया येई, आणि रागही.

बाहेर गाड्यांची दारं वाजली.

रवंद हात न पुसताच बोळात गेली. कुतैबा बैठकीच्या दाराशी अंगरखा सारखा करत होता. काल संध्याकाळपासून ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"मी सही करते," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं.

"उद्या करते सही. सगळं तुझं. पण आज इब्तिहालला तशीच हाकलू नकोस. वेगळं घर मागून घे तिच्यासाठी. अडून बस."

 कुतैबा थोराड, शांत माणूस होता. शाळेच्या बसवर चालक होता आणि दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी फारसं बोलत नसे. वडिलांच्या आजारपणात त्यांना उचलून न्हाणीत नेणारा तोच.

"तू मला असा समजतेस?" तो म्हणाला. "मी इथं दुकान मांडलंय का? एक बहीण दे, एक सही घे?"

"मी तसं नाही..."

"तसंच म्हणालीस." त्याचा आवाज चढला नव्हता. "आत जा. माणसं आली."

रवंद आत आली ती कानापर्यंत तापून. कोणी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, उलटून बोलता तरी आलं असतं.

बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता. मंडळी बसली. आधी पावसाचं झालं, मग जैतुनाच्या पिकाचं, घाण्यावर यंदा किती गर्दी आहे त्याचं. मग कुतैबाने स्वतः कॉफी ओतली आणि पहिला पेला अबू नायेफला दिला. अबू नायेफ म्हणजे त्या बाजूचा सगळ्यांत वयस्क माणूस. अशा कामांना त्यालाच पुढे करत. त्याने पेला घेतला, ओठाला न लावता समोर ठेवला. त्याचं पाहून बाकीच्यांनीही ठेवले.

"लेका कुतैबा," म्हातारा म्हणाला, "तुझा बाप माझा मित्र. त्याच्या घरात मी कधी कॉफी टाकली नाही. पण आज आमचं मागणं मान्य होईपर्यंत ही प्यायची नाही. आमची सून आमच्या घरी पाठव."

स्वयंपाकघरात आईने रवंदचं मनगट धरलं होतं. इब्तिहाल भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. आता कुतैबाने "घ्या, कॉफी घ्या" म्हणायचं, की मागणं मान्य झालं. रीतच तशी. बरेचदा तो शब्द म्हणायला भावाला दम धरवत नाही. आलेल्या पांढऱ्या दाढ्यांचा मान राहतो, जेवणावळीचा खर्च वाचतो आणि बहीण बोचकं उचलते.

"काका, तुम्ही आलात, घर उजळलं," कुतैबा म्हणाला. "कॉफी थंड होऊ द्या. थंड झाली तर दुसरी करता येईल. बहीण मला दुसरी करता येणार नाही."

पलीकडे कोणीतरी खाकरलं.

"तिनं घर मोडायला घेतलेलं नाही," कुतैबा पुढे म्हणाला. "तिला स्वतःची चूल हवी आणि दाराची किल्ली हवी. मला वाटतं हे फार नाही."

"वेगळं घर?" हा झियादच्या वडिलांचा आवाज. "लोक म्हणतील सुनेनं म्हातारा-म्हातारीला टाकलं."

"लोक आत्ता काय म्हणतायत, काका? माझी बहीण महिनाभर इथं आहे. तेही लोकांना दिसतंय."

"म्हणजे तू आमच्या तोंडावर नाही म्हणतोस?"

"मी किल्ली मागतोय."

कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. आईने डोळे मिटले. जाहा कॉफी न पिता उठून गेली, तर त्या घराचं नाव गावोगाव खराब होतं. मग उद्या कुतैबाच्या मुलींना मागणी घालायला कोण येणार? हे कुतैबाला कळत नव्हतं असं नाही. रवंद पडद्याच्या फटीतून पाहत होती. त्याची मान ताठ होती, पण मांडीवरचा हात त्याने दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला होता. झियाद कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता.

"बसा," अबू नायेफ उठलेल्या माणसाला म्हणाला. "बसा म्हटलं ना. मुलगा खोटं काय बोलला?" मग तो वळला. "झियाद, तुझ्या काकाच्या दुकानामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत की नाहीत?"

झियादने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे.

"आहेत," झियाद म्हणाला.

"त्यांना दार आहे?"

"आहे."

"मग तोंड का शिवलंय? जैतुनाचं पीक उतरलं की खोल्या रंगवून घ्यायच्या आणि किल्ली सुनेच्या हातात. मी जामीन. आता तरी पाजतोस का रे, कुतैबा? घसा कोरडा पडला माझा."

"ही ओतून टाकतो, गरम आणतो," कुतैबा म्हणाला, आणि बैठकीत हसू फुटलं.

रवंद शेगडीकडे वळली आणि तिला रडूच कोसळलं. भाऊ वाईट असता तर किती सोपं झालं असतं. त्याच्यावर दगड फेकायला तिने किती दिवस खिसे भरून ठेवले होते, आणि तो असा निघाला. आपण त्याला बोळात काय बोललो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नवी कॉफी चढवली आणि वेलदोडे हळू हळू कुटले.

"बघितलंस?" आई डोळे पुसत म्हणाली. "याला भाऊ म्हणतात."

इब्तिहाल उठली. तिने गार झालेले पेले घेतले, विसळले, पुसले. तिचं तोंड उजळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुतैबा तिघींना गाडीतून अजलूनच्या कोर्टात घेऊन गेला. वाटेत त्याने इब्तिहालच्या लेकीसाठी तिळाच्या वड्या घेतल्या. मुलगी घरी वहिनीपाशी होती. रवंदला त्याने विचारलं, "परीक्षा कधी आहे तुझी?" ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात." कालचा विषय दोघांनीही काढला नाही. तो दिलखुलास होता, सुटल्यासारखा. घाटात त्याने गाडी थांबवून आईला हवा खाऊ दिली.

तिथले काझीसाहेब बायकांना एकेकीला आत बोलावत, आणि भावांना बाहेर बसवत. पहिली रवंदच गेली. काझीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय सोडतेस ते माहीत आहे तुला? घर, मळा, त्याची आजची किंमत?"

"माहीत आहे."

"एकदा सही झाली की परत मागता येणार नाही. सांगायचं माझं काम आहे. तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली का? धमकी, दबाव? भावाने, आईने, कोणी?"

रवंदने तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर तिने विद्यापीठाच्या कट्ट्यावर किती वेळा दिलं होतं, हात हलवून, आवाज चढवून. काझीसाहेब वाट पाहत होते. तिच्या डोळ्यांपुढे कुतैबाचा दुसऱ्या हाताने दाबून धरलेला हात आला.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही."

"स्वखुशीने?"

"हो."

तिने सही केली. बाहेर आल्यावर कुतैबाने तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. मग आई गेली, लगेच परतली. मग इब्तिहाल.

इब्तिहाल परतेना. कुतैबाने एकदा दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तिला समजायला वेळ लागतो," आई हसून म्हणाली. थोड्या वेळाने शिपायाने दार उघडून कुतैबाचं नाव पुकारलं. तो आत गेला. दार लागलं. रवंद कान देऊन बसली, पण आतून चढलेला आवाज आला नाही. कोणी मीठ पुढे सरकवायला सांगावं तसा इब्तिहालचा आवाज एकदाच ऐकू आला.

कुतैबा बाहेर आला तो सरळ चालत गाडीकडे गेला.

"काय झालं?" आई उठली. "काय झालं रे?" ती त्याच्यामागे धावली.

इब्तिहाल दारात थांबून शालीचं टोक खांद्यावर घेत होती.

"तू काय सांगितलंस त्यांना?" रवंदने विचारलं.

"कोणी जबरदस्ती केली नाही, असं."

"मग?"

"मग काय? कोणी जबरदस्ती केली नाही, तर सही कशाला करायची? माझा वाटा मला हवा, असं सांगितलं मी त्यांना."

"कालच त्यानं तुझ्यासाठी..."

"कालचं मी मरेपर्यंत विसरणार नाही." इब्तिहालचा आवाज आता कापला. "त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी आज त्या खोलीत असते. पण रवंद, तिकडे पुन्हा काही झालं तर? तेव्हा त्याचं मन असेल का, वहिनीचा दिवस चांगला असेल का, तू त्याला दुखवलेलं नसशील का, एवढं सगळं बघत बसायचं का मी? माझ्या वाट्याच्या जमिनीवर मी एक खोली बांधीन. विटांची, साधी."

"मला का नाही सांगितलंस? मी तरी सही केली नसती."

"तू भांडली असतीस. मला भांडायचं नव्हतं."

"तो तुझ्याशी बोलायचा नाही आता."

"माहीत आहे," इब्तिहाल म्हणाली, आणि तिथे, कोर्टाच्या पायरीवर, माणसं जात-येत असताना तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. रडतच ती गाडीकडे चालू लागली.

आई पुढच्या सीटवर बसून हाताने गुडघा बडवत होती. रवंद मागे बसली, तिच्याशेजारी इब्तिहाल. कुतैबाने आरशात पाहिलं नाही. तिळाच्या वड्यांची पुडी समोर काचेपाशी होती. ती त्याने उचलून मागे दिली, न वळता.

"पोरीला दे," तो म्हणाला.

मग त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. घसा साफ केला. महिनाभर इब्तिहाल त्याच्याच घरात राहत होती आणि आज सकाळी तिथूनच त्याच्याबरोबर निघाली होती. शाळेच्या बसमध्ये नव्या पोराला विचारावं, तसं त्याने शांतपणे, अगदी सौजन्याने विचारलं:

"कुठं सोडू तुला?"

आईचा हात गुडघ्यावर थांबला. रवंदला वाटलं आपण काहीतरी बोलावं, आत्ता, लगेच. पण आपला वाटा तर तिने मघाशीच सोडून दिला होता, आणि त्या घराबद्दल कोणत्या तोंडाने बोलायचं ते तिला सुचेना.

"घरी," इब्तिहाल म्हणाली.

कुठल्या, ते तिने सांगितलं नाही. कुतैबा वाट पाहत राहिला.